तिच्या जागी मी बसले

आमच्या घरात बाईची पाळी झाकून राहत नसे. मागच्या अंगणाला लागून उतरत्या छपराची एक सपरी होती. तिच्या कोपऱ्यात एक गोणपाट, एक गोधडी, एक जर्मनचं ताट आणि एक पेला कायम ठेवलेला असे. पाळी आली की बाईनं चार दिवस त्या कोपऱ्यात बसायचं. चुलीला शिवायचं नाही, पाण्याला शिवायचं नाही, देवाला तर नाहीच. पण आम्ही विणकर, त्यामुळे या सगळ्याच्या वर एक गोष्ट होती : मागाला शिवायचं नाही. बसलेल्या बाईचा हात ताण्याला, म्हणजे मागावर चढवलेल्या उभ्या सुताला लागला की तार तुटत राहतात, असं आई म्हणायची. तिची सासूही म्हणायची. पाचपावलीतल्या आमच्या अख्ख्या गल्लीत हे कोणी करून पाहिलेलं नव्हतं. एवढं सूत कोण वाया घालवणार?

तर कोपरा भरला की घराला कळायचं, आणि कोपरा रिकामा राहिला की तेही कळायचं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी लबाडी या कोपऱ्यामुळे घडली. ती इतकी वर्षं मी कोणाला सांगितली नाही. मी तशीही कमी बोलणारी. लोक म्हणतात शांत बाई आहे. शांतपणात काय काय दडवता येतं, हे मला ठाऊक आहे.

घरात आम्ही चौघं होतो. वडील गेले होते. भाऊ माग चालवायचा, आई घर चालवायची आणि वहिनी व मी चरख्यावर मागासाठी सुताच्या कांड्या भरायचो. वहिनीच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. तिचा महिना तिच्यापेक्षा आईच जास्त ध्यानात ठेवायची. वहिनी कोपऱ्यात जाऊन बसली की आई तोंडानं काही बोलत नसे, फक्त दिवसभर भांडी जरा जोरात ठेवायची. वहिनी ते ऐकत गोधडीवर बसून राहायची.

माझं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं होतं. मुलगा खापरखेड्याला वीज केंद्रात कामाला होता, कॉलनीत त्याला खोली मिळाली होती. लग्न वैशाखात धरलं होतं, कारण त्यांच्या घरी त्या वर्षी एक मयत झाली होती आणि त्याच्या आईला वर्ष उलटल्याशिवाय मांडव घालायचा नव्हता. ती बाई कडक होती. साक्षगंधाच्या दिवशी तिनं माझे दात पाहिले होते, असं वहिनी नंतर हसत हसत सांगायची.

दिवाळी झाली आणि त्याच्या बहिणीनं मला दोन दिवसांसाठी बोलावलं. तीही त्याच कॉलनीत राहायची. दुसऱ्या दिवशी दुपारी ती शेजारणींबरोबर बाजाराला गेली, मला म्हणाली तू आराम कर. तिच्या मागोमाग तो आला.

इथे एक गोष्ट मी मुद्दाम लिहिते. कोणी जबरदस्ती केली नाही. मी नाही म्हटलं असतं तर तो उठून गेला असता, तो तसाच होता. मी नाही म्हटलं नाही. नंतर तो म्हणाला, घाबरू नकोस, मी वेळेवर बाजूला झालो. मलाही शाळेतल्या मैत्रिणीनं सांगितलेलं आठवत होतं की पहिल्या वेळेला काही होत नसतं. संध्याकाळी परत जाताना कॉलनीच्या दवाखान्याच्या भिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण रंगवलेला दिसला. तो तेव्हा सगळीकडेच असायचा, भिंतींवर, बसच्या पाठीवर. त्याच्यातलं आमच्यासारख्यांसाठी काय आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तो लग्न झालेल्यांचा त्रिकोण होता.

महिना भरला आणि पाळी आली नाही.

पहिले दोन दिवस मी स्वतःलाच सांगत होते की थंडीनं झालं असेल. मग एका दुपारी चरख्याचा दांडा फिरवता फिरवता माझा हात थांबला आणि मला घाम फुटला. थंडीच्या दिवसांत. त्यानंतर मी जे ऐकलं होतं ते सगळं केलं. कच्ची पपई खाल्ली. तीळ आणि गूळ मुठीमुठीनं खाल्ले. कोणी नसताना माळ्याच्या शिडीवरून उड्या मारल्या. पोट दुखलं की आनंद व्हायचा, मोरीत जाऊन पाहायची, काही नसायचं. त्या आठवड्यात मी मोरीत किती वेळा गेले असेन, देव जाणे.

काय होऊ शकतं ते मला माहीत होतं. वैशाखापर्यंत पोट झाकून राहणार नव्हतं. साक्षगंध मोडलं असतं, भावाला जातीत मान वर करता आली नसती. आणि आमच्याच गल्लीतली एक मुलगी अशाच कारणानं एका सुईणीकडे नेली होती. सकाळी चालत गेली, संध्याकाळी बैलबंडीतून आणली. तिच्या आईनं सगळ्यांना सांगितलं की कावीळ झाली होती. मी त्या मुलीच्या तेराव्याला जेवले होते.

तो एका रविवारी आला, तेव्हा दारातच मी त्याला सांगितलं.  म्हणाला, मी आईला सांगून लग्न लवकर करायला लावतो. नंतर तो पंधरवडाभर आला नाही, कामावर रात्रपाळी मागून घेतली होती म्हणे. पुढे त्यानं मला सांगितलं की रोज आईसमोर जाऊन बसायचा आणि पाणी पिऊन परत यायचा. तो भित्रा होता, वाईट नव्हता. मी तरी कुठं शूर होते?

इकडे आईचं लक्ष रिकाम्या कोपऱ्याकडे गेलंच. “तू काहून बसली नाही वं अजून?” तिनं भाजी निवडता निवडता विचारलं. मी म्हटलं, बसेन एक-दोन दिवसांत. तिनं पुढची जुडी घेतली. पण दुसऱ्या दिवशी तिनं तेच पुन्हा विचारलं, आणि या वेळी भाजी बाजूला ठेवून.

वहिनीला मात्र विचारावं लागलं नाही. मी मोरीमागे पपईची साल पुरत होते, ती मागून आली.

“कच्ची पपई कोण खाते वं, बाई?” ती म्हणाली. “जिले भ्या असते ते.”

मी तिथेच खाली बसले आणि तिला सगळं सांगितलं. ती उभीच होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मी जे रडत रडत सांगत होते तेच तिला स्वतःसाठी हवं होतं, हे मला त्या वेळी सुचलंसुद्धा नाही. मला फक्त माझं पडलं होतं. शेवटी ती म्हणाली, “उठ. तोंड धू. आत्याबाईले समजलं तं तुले अन् मले दोघींले बी मारन.” सासूला ती आत्याबाई म्हणायची.

दोन-तीन दिवसांनी, उजाडायच्या आधी, तिनं मला हलवून उठवलं. तिची पाळी आली होती. अंधारात तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं.

“मले आली. तू बस जाऊन.”

मला कळेना.

“तू बस म्हणते ना. कपडे माझे राहतीन. दोरीवर कोणाचे आहेत ते कोण विचारते? दोघी संगं बसलो तं आत्याबाई कपडे मोजन. तू उठली का मंग मी बसन. दोन दिवस मांगंपुढं होते, त्यात काय.”

तेव्हा आम्ही जुन्या लुगड्याचे कपडे वापरायचो. ते धुऊन मोरीमागच्या दोरीवर, वर एक फाटकं धोतर टाकून वाळवायचे. धोतराखाली काहीतरी आहे एवढं घराला दिसलं की पुरे असायचं. तर मी कोपऱ्यात जाऊन बसले, काही नसताना. आणि वहिनी, जिला बसायला हवं होतं, ती चुलीपुढे गेली. तिनं पाणी भरलं, भाकरी टाकल्या, देवाजवळ दिवा लावला. दुपारी भावानं ताण्याचे तार सारखे करायला हाक मारली तेव्हा ती मागापाशीही गेली. जाताना सपरीच्या दारातून तिनं माझ्याकडे पाहिलं. मी गोधडी डोक्यावर घेतली.

आई निर्धास्त झाली. माझ्याकडून. पण चार दिवस संपेपर्यंत तिचं लक्ष दुसरीकडे गेलं. मी कोपऱ्यातून उठले तेव्हा ती वहिनीकडे वेगळ्याच नजरेनं पाहत होती. तिच्या हिशेबानं आता वहिनीचा दिवस टळला होता. ती स्वतः विहिरीवर जाऊन घागर घेऊन आली आणि वहिनीला म्हणाली, तू वजन उचलू नको. जेवताना तिच्या वरणात तुपाची धार सोडली. त्या घरात वहिनीच्या ताटात असं तूप कधी पडलेलं मी पाहिलं नव्हतं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. कोपऱ्याचा विचार करताना हा विचार आमच्या डोक्यात आलाच नव्हता. आम्हाला वाटलं होतं, एक उठली की दुसरी बसेल, झालं. एकीचं बसणं म्हणजे दुसरीचं न बसणं, हे आम्ही विसरलो.

“आज मी बसते,” वहिनी मला कांड्या भरता भरता हळूच म्हणाली. “आत्याबाईनं कोणाले सांगायच्या आंधी.”

पण दुपारी आईच बाहेर आली. तिनं एक औषधाची रिकामी बाटली गरम पाण्यानं धुऊन आणली होती. शेजारणीबरोबर ती कधीतरी धंतोलीला दवाखान्यात गेली होती, तिथलं तिला माहीत होतं. उद्या सकाळची पहिली लघवी यात घे आणि धंतोलीला डॉक्टरीणबाईला दाखवून ये, असं तिनं वहिनीला सांगितलं. सोबत हिला घेऊन जा.

आई आत गेली. वहिनी बाटलीकडे पाहत राहिली. मग तिनं ती माझ्या हातात दिली.

“आता मी बसली तं दवाखाना हातचा जाईन,” ती म्हणाली. “तू भर.”

दुसऱ्या दिवशी सायकल रिक्षातून आम्ही धंतोलीला गेलो. बाटली वहिनीच्या पदराखाली होती, तिच्यावर कागद चिकटवून वहिनीचं नाव लिहिलं होतं. ते भावानं लिहिलं होतं, त्याच्या चांगल्या अक्षरात. तो दोन दिवस मागावर गुणगुणत होता. 

डॉक्टरीणबाई वयस्क होत्या, पांढरं पातळ, जाड चष्मा. नाव विचारलं, वहिनीनं सांगितलं. मग वहिनीनं दार लोटून घेतलं आणि म्हणाली, “बाई, नाव माझं आहे. बाटली हिची आहे.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं आता आम्हाला बाहेर काढतील. त्यांनी माझ्या गळ्याकडे पाहिलं, मंगळसूत्र नव्हतं. मग स्टूल पुढे ओढून म्हणाल्या, “बस. घाबरू नकोस. आधी नीट सांग, मागची पाळी कधी आली होती? आणि जवळ कधी गेलात?”

मी सांगितलं. दोन्ही मला पाठ होतं. त्यांनी बोटांवर मोजलं. त्या दिवशी त्यांनी मला जे सांगितलं ते माझ्या आईनं, शाळेनं, कोणीही कधी सांगितलं नव्हतं. की बाईच्या शरीरात महिन्यातून एकदा बीज तयार होतं, साधारण पुढच्या पाळीच्या दोन आठवडे आधी, आणि त्याच्या आसपासचे दिवस धोक्याचे असतात. पुरुषाचं बीज आत तीन-चार दिवस, कधी त्याहून जास्तही तग धरतं. माझी खापरखेड्याची दुपार बरोबर त्या दिवसांत पडत होती. पहिली वेळ आणि दहावी वेळ यात शरीराला काही फरक कळत नाही. तो वेळेवर बाजूला झाला म्हणाला, त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. मी पपईचं सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा हसल्यासारखं केलं. “पपईनं फक्त पोट बिघडेल,” म्हणाल्या.

बाटली आत नेली. आम्ही बाकावर बसलो. समोर एक बाई बाळाला पाजत होती आणि वहिनी त्या बाळाकडे पाहत होती. मी वहिनीचा हात धरला होता. माझ्यासाठी धरला होता, तिच्यासाठी नाही.

तपासणीत काही निघालं नाही. मी उठून पायाच पडणार होते, त्यांनी हातानं थांबवलं. म्हणाल्या, ही तपासणी फार लवकर केली तर चुकते. नुसत्या धास्तीनंही पाळी पुढे जाते, तसंही असेल. आठवडाभर वाट पहा. नाहीच आली तर पुन्हा बाटली घेऊन ये. “आणि काहीही निघालं तरी सुईणीकडे जायचं नाही. माझ्याकडे यायचं. आता कायदा झालाय, दवाखान्यात नीट होतं. मरायची गरज नाही.” हे शेवटचं वाक्य त्या इतक्या साधेपणानं बोलल्या की मी तिथेच रडायला लागले.

निघताना त्यांनी वहिनीला विचारलं, तुझं काय? वहिनीनं खाली पाहिलं. “किती वर्षं झाली?” वहिनीनं सांगितलं. “मिस्टरांना घेऊन ये. दोघांना तपासावं लागतं, एकट्या बाईला तपासून काही कळत नाही.” वहिनी म्हणाली, येईन. ती कधी गेली नाही. जाणार कशी? त्या बाईंना आमची बाटली माहीत होती.

घरी आईला सांगितलं की आठवड्यानं पुन्हा बोलावलंय. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तिला जे ऐकायचं होतं ते तिनं त्यात ऐकलं. तिनं देवीला खण-नारळ बोलला. वहिनीला रोज संत्रं सोलून दिलं. वहिनी ते घ्यायची आणि अर्धं मला द्यायची.

तीन दिवसांनी नवा ताणा चढवायचा होता. त्या दिवशी घरातल्या सगळ्यांचे हात लागतात, कोणाला सुटका नसते. मी ताण्याच्या टोकाशी उभी होते, बोटांत ओलं सूत होतं, आणि मला कळलं. आधी विश्वास बसला नाही. मग कंबर दुखली, नेहमीपेक्षा जोरात. मी तशीच उभी राहिले. हलता येत नव्हतं. मी तर नुकतीच बसून उठले होते. पुन्हा बसायचं काय कारण सांगणार?

काम झाल्यावर मी वहिनीला सांगितलं. ती भिंतीला पाठ टेकून, तोंडात पदर कोंबून, आवाज न करता हसली. माझे गाल धरले. मग तिचं हसू थांबलं, कारण पुढचं तिला माझ्याआधी दिसलं.

“कपडे लागतीन तुले,” ती म्हणाली. “दोरीवर दिसतीन.”

आणि ती घरात गेली. आई पीठ मळत होती. तिच्या पाठीमागे उभं राहून वहिनी म्हणाली, “आत्याबाई, मी बसते.”

आईचे हात पिठात थांबले. मी दारातून पाहत होते. ती वळली नाही.

त्या वेळचा माझा रक्तस्राव नेहमीसारखा नव्हता, फार होता. ती फक्त लांबलेली पाळी होती की आणखी काही, जे त्या तपासणीला दिसलं नव्हतं, ते मला आजही माहीत नाही. आता कळायचाही मार्ग नाही. पण धोतराखालची दोरी दोन दिवस खाली लोंबत होती. वहिनी कोपऱ्यात बसली होती, म्हणजे ते सगळे कपडे तिचे होते. आईनं ते पाहिले आणि तिचं मत झालं. राहिलं होतं आणि पडलं.

“पोट आहे का चाळणी आहे?” ती सपरीच्या दारात उभी राहून म्हणाली. “रिक्षात बसून हिंडायले कोणं सांगतलं होतं?”

रिक्षात बसून जायला तिनंच सांगितलं होतं. वहिनीनं तेही म्हटलं नाही. मी चुलीपाशी बसले होते, भाकरी थापत होते. मी बोलू शकले असते. मी भाकरी उलटली. भाऊ मागावर होता, त्याचं गुणगुणणं थांबलं होतं, धोट्याचा आवाज तेवढा येत होता. ओलांडायची ती खोली चार पावलांची होती, आणि मी ओलांडली नाही.

वैशाखात माझं लग्न झालं. मी खापरखेड्याला गेले. मला मुलं झाली. नवऱ्यानं त्या पंधरवड्याबद्दल एकदा माझी माफी मागितली, ती मी दिली, कारण देणं सोपं होतं. त्याची चूक माझ्यापेक्षा लहान होती.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी वरचं सगळं लिहिलं.

माझा धाकटा शाळेत जायला लागला होता तेव्हाची गोष्ट. वहिनीला अजून मूल नव्हतं. आई आता भावाचं दुसरं लग्न करायचं बोलायला लागली होती. भाऊ नाही म्हणायचा, आई ऐकायची नाही. शेवटी ठरलं की एकदा चांगल्या डॉक्टरला दाखवू. पुन्हा धंतोली, पण दुसरा दवाखाना. जुन्या बाईंचं नाव निघालं तेव्हा वहिनीनंच नको म्हटलं. आई, वहिनी आणि सोबतीला मी. भावाला पाठवायची गरज कोणाला वाटली नाही.

डॉक्टर तरुण बाई होत्या, भराभर प्रश्न विचारत होत्या, समोरच्या कागदावर लिहीत होत्या. त्यांनी विचारलं, “यापूर्वी कधी दिवस राहिले होते?”

वहिनीनं तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, “हो, एकदा राहिलं होतं. टिकलं नाही.”

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं.

तिनं काही खूण केली नाही. सांग म्हटलं नाही, सांगू नको म्हटलं नाही. नुसतं पाहिलं. आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागले. त्यावर गुबगुबीत बाळाचं चित्र होतं. डॉक्टर म्हणाल्या, बरं, म्हणजे मिस्टरांचा प्रश्न दिसत नाही. आणि त्यांनी ते लिहून टाकलं.

पहिल्या वेळी मी मुलगी होते, माझा जीव धोक्यात होता, लग्न अडलं होतं. कोणीही मला माफ करेल. मीही करते. पण त्या दिवशी माझं काय जाणार होतं? मला नवरा होता, मुलं होती, सासू वारली होती. आईनं दोन दिवस तोंड फिरवलं असतं, एवढंच. आईला बाहेर पाठवून डॉक्टरांना दोन वाक्यं सांगायची होती. त्या म्हाताऱ्या बाईंचे शब्द माझ्या कानात होते, दोघांना तपासावं लागतं. ते ऐकलेली त्या खोलीत वहिनीशिवाय मीच होते.

मी बोलले नाही आणि वहिनीचे उपचार सुरू झाले. गोळ्या, इंजेक्शनं, दोनदा पिशवी साफ करणं. ती प्रत्येक वेळी दोन दिवस झोपून उठायची आणि चरख्यावर बसायची. चार-पाच वर्षं हे चाललं. माझ्या भावाला कोणीही कधी तपासलं नाही. त्याच्यात दोष होता असं मी म्हणत नाही, मला माहीत नाही. पण कोणी पाहिलंच नाही, आणि न पाहण्याचं कारण मोरीमागच्या दोरीवर मी वाळत घातलं होतं.

आई गेली तेव्हा माझ्या मनात आलं, आता तरी भावाला सांगावं. तेराव्याचं आटोपलं, पाहुणे गेले, वहिनी सपरीत भांडी पुसत होती. कोपऱ्यातली गोधडी केव्हाच गेली होती, तिथे आता गॅसचं रिकामं सिलिंडर ठेवलेलं असायचं. मी तिला म्हटलं, मी दादाला सगळं सांगते. तुझं कधीच काही पडलं नव्हतं, हे त्याला कळायला पाहिजे.

तिनं भांडं खाली ठेवलं.

“सांगायचं होतं तं तवा डॉक्टरीणबाईले सांगायचं होतं,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. “आता काहून सांगतं? तुले हलकं व्हायचं आहे म्हणून?”

मी तिनं पुसलेलं भांडं उचलून फळीवर ठेवलं.

“गल्लीतल्या बाया मले ओटी भरायले बोलावते. डोहाळजेवणाले बोलावते. काहून बोलावते, सांग. एकदा राहिलं होतं म्हणून. वांझ नाही म्हणत मले कोणी. अन् तुह्या भावानं दुसरी नाही केली, ते बी त्याच्याच भरवशावर. एकदा राहिलं, पुन्हा राहीन, म्हणे. तेवढं एक मले राहू दे बाई.”

माझं खोटं ती इतकी वर्षं अंगावर पांघरून जगत होती, हे मला त्या दिवशी कळलं. मी तिच्यावर टाकलेलं ओझं उचलून घ्यायला आले होते, आणि तिनं त्याची उशी करून घेतली होती. मी भावाला काही सांगितलं नाही. तिनं अडवलं म्हणून नव्हे. तिचं म्हणणं खरं होतं. मला हलकं व्हायचं होतं.

तीन वर्षांपूर्वी भाऊ गेला. वहिनी आता माझ्याकडे राहते. एका दुपारी आम्ही दोघी ओसरीत बसलो होतो, माझी नात आत तिच्या आईशी काहीतरी वाद घालत होती. पाळी पुढे गेली म्हणून दोघी दवाखान्यात जाऊन आल्या होत्या, काही नव्हतं, परीक्षेचा ताण होता. पोरगी हे सगळं मोठ्यानं बोलत होती, बाप घरात असताना. वहिनी ऐकत होती. मग मला म्हणाली, “तू ते लिहिणार होती ना?”

मी म्हटलं, भाऊ गेला तेव्हा विचारलं तर तू नको म्हणाली होतीस.

“आता लिही. कोण राहिलं आहे आता. नाव नको टाकू पण कोणाचं. मह्यं बी नको अन् त्यायचं बी नको.”

मी म्हटलं, काय काय लिहू? तू सांग. तुझी गोष्ट आहे.

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मला वाटलं आता ती ते बोलेल, जे ऐकायला मी तीस वर्षं थांबले आहे. शिवी देईल, हिशेब मागेल.

“त्या दिवशी मी ताण्याले हात लावला,” ती म्हणाली. “दुपारभर. आठ दिवसांनी तू लावला, नव्या ताण्याले. तुह्या भावानं दोन्ही ताण्यांचे लुगडे विणून इतवारीच्या बाजारात नेऊन दिले. त्याच्यातला एकबी तार नाही तुटला. मी पाहून होती. तेवढं नक्की लिही.”